गोडोलीतला चहा आणि चिमणपुऱ्यातला चहा: साताऱ्यात आपल्या नळाला नक्की कुठलं पाणी येतं?

तांब्याभर | रविवार, सकाळी ११.१०

प्रश्न साधा आहे, पण घरात त्यावरून दोन आठवडे वाद चालू आहे म्हणून धागा काढतेय.

दीड वर्षापूर्वी आम्ही पुण्याहून साताऱ्यात आलो. घर गोडोलीच्या बाजूला, चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. माझी मावशी चिमणपुरा पेठेत राहते, जुन्या वाड्यात. दोन्ही घरांत अंतर किती, तर रिक्षाने दहा-बारा मिनिटं. पण मावशीकडचा चहा आणि माझ्याकडचा चहा यांत जमीन-अस्मानाचा फरक. पावडर एकच, दूध एकाच डेअरीचं. मावशी म्हणते, "तुझ्या हातात नाही गं." नवरा म्हणतो, मनाचे खेळ. मग मी हट्टाने मावशीकडून पाच लिटरचा कॅन भरून आणला आणि घरी त्याच भांड्यात, त्याच गॅसवर चहा केला. नवऱ्याला न सांगता दोन कप पुढे ठेवले. त्याने पहिल्या घोटात ओळखलं.

एवढंच नाही. माझ्याकडे तूरडाळ कुकरला पाच शिट्ट्या घेऊनही दाताखाली येते. मावशी तीन शिट्ट्यांत वरण घोटते. माझ्या बाथरूमच्या काळ्या टाइलवर पांढरे ठिपके पडतात आणि व्हिनेगर लावल्याशिवाय ते जात नाहीत. मावशीच्या मोरीतला तांब्याचा हंडा वर्षानुवर्षं तसाच लखलखीत.

तर मंडळी, एकाच गावात दोन पाणी कशी? माझ्या नळाला येतं ते कुठून येतं आणि मावशीच्या नळाला येतं ते कुठून? इमारतीत विचारलं तर एक म्हणाले "कास", दुसरे म्हणाले "कृष्णा", वॉचमन म्हणाला "टाकीतनं". टाकीत कुठून, ते कुणालाच ठाऊक नाही.

---

आडमाप | रविवार, सकाळी ११.२५

वॉचमनचं उत्तर सगळ्यात बरोबर आहे. धागा बंद करा.

---

माचीचा_म्हातारा | रविवार, दुपारी १२.४०

पोरी, चहावरून पाणी ओळखलंस म्हणजे सातारकर झालीस. आमच्या आईला पाणी तोंडात घेतलं की कळायचं, आज पाट फुटलाय का ते.

तुझ्या मावशीच्या घरी येतं ते कासचं. डोळे मिटून सांगतो. चिमणपुरा, मंगळवार पेठ, व्यंकटपुरा, यादोगोपाळ पेठ, म्हणजे डोंगराकडचं जुनं गाव, हे पिढ्यान्‌पिढ्या कासवर वाढलेलं आहे. तलाव इथून पंचवीसेक किलोमीटर पश्चिमेला. तू फुलं बघायला गेली असशील त्या पठाराच्या पलीकडे. तलाव ब्रिटिश काळात बांधला, तो केवळ साताऱ्याला पाणी द्यायला. तिथून पाणी गावापर्यंत आणलं ते एकही पंप न लावता, नुसत्या उतारावर.

आमच्या लहानपणी ते उघड्या पाटातून यायचं. पठाराच्या कडेकडेने, डोंगराची वळणं घेत. पाटावर पाटकरी असायचे, खांद्यावर फावडं, डोक्यावर इरलं. पाला काढायचा, फुटलेली कड लिंपायची. वाटेत म्हशी पाणी प्यायच्या, पोरं पाय सोडून बसायची, आणि तेच पाणी गावात यायचं. आज ऐकून तोंड वाकडं करशील, पण आम्ही त्यावरच वाढलो. नंतर बंद पाइप आली.

कासच्या आधीही गाव होतंच की. थोरल्या शाहू महाराजांना १७०८ साली इथे राज्याभिषेक झाला, आणि किल्ल्यावरची राजधानी हळूहळू खाली पेठांत उतरली. पेठा वसवायच्या तर आधी पाणी हवं. ते आणलं यवतेश्वरच्या डोंगरातून. खापरी नळ जमिनीतून फिरवून जागोजागी हौद भरायचे. पंचपाळी हौद हे नाव रोज घेता ना लोकहो, तो पत्ता सांगण्यापुरता नव्हता, तिथे खरंच पाणी भरत होते. पुढे प्रतापसिंह महाराजांनी रस्ते आणि पाणी या दोन गोष्टींत जीव ओतला. मोती तळं, मंगळवार तळं ही त्याच पाण्याच्या घराण्यातली. पुढे त्यांची आठवण गणपती विसर्जनापुरती उरली.

गोडोलीचं मला नाही सांगता यायचं. आमच्या वेळी गोडोली हे गाव होतं आणि तिथे तळं होतं, एवढंच. तिकडे पाणी भरायला कोण जातंय!

---

पाना_पक्कड | रविवार, दुपारी २.०५

ताई, वीस वर्षं या गावात नळ बसवतोय. सांगतो तुम्हाला.

साताऱ्याला एक पाणी न्हाई. चार हायेत. कास, शहापूर, कृष्णा आणि आता शाहूपुरीकडं कण्हेर. तुमच्या घरी कुठलं ते तुमच्या पेठेवर न्हाई, तर तुमचं घर कुठल्या टाकीखाली येतं त्यावर. टाकी म्हंजी तुमच्या गच्चीवरची न्हवं, गावाची. कोटेश्वर टाकी, कात्रेवाडा टाकी, भैरोबा टाकी, व्यंकटपुरा टाकी, अशा. एकाच गल्लीत डावीकडचं घर एका टाकीवर आणि उजवीकडचं दुसऱ्या टाकीवर, असंबी मी बघितलंय. डावीकडं सकाळी पाणी, उजवीकडं संध्याकाळी. मग त्या दोन घरांत भांडणं.

गोडोली, सदर बझार, शाहूनगर, विलासपूर ह्या पूर्वेच्या भागाला जीवन प्राधिकरणाचं, म्हंजी राज्याच्या पाणी खात्याचं, पाणी. ते कृष्णेचं. माहुलीच्या बाजूनं उचलायचं, विसाव्याच्या केंद्रात साफ करायचं, मग टाक्यांत चढवायचं.

पर ताई, कृष्णेच्या पाण्यानं टाइलवर पांढरे ठिपके पडत न्हाईत एवढ्यात. ते काहीतरी येगळंच हाय. तुमच्या बिल्डिंगला बोर हाय का?

---

तांब्याभर | रविवार, दुपारी २.३०

@पाना_पक्कड, बोअर आहे, पण ती फक्त बागेसाठी आणि गाड्या धुवायला, असं फ्लॅट घेताना सांगितलं होतं.

---

आडमाप | रविवार, दुपारी २.३२

"असं सांगितलं होतं." 😄

---

उतारावरचा | रविवार, रात्री ९.१५

पाणीपुरवठ्याच्या कामात नोकरी गेली, आता निवृत्त. वरचे दोन्ही प्रतिसाद छान आहेत. त्यात थोडी भर घालतो, जरा लांबेल.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या उत्तरेच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर. पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर चढला की पठार सुरू होतं आणि कास शहरापेक्षा चार-पाचशे मीटर उंच. दक्षिणेला, किल्ल्याच्या पाठीमागे परळीचं खोरं, त्यात उरमोडी नदी. उत्तरेला वेण्णा, तिच्यावर कण्हेर धरण. पूर्वेला कृष्णा. वेण्णा आणि कृष्णा माहुलीला भेटतात. म्हणजे चारही दिशांना पाणी, आणि शहर मध्ये उंचवट्यावर. चारपैकी तीन ठिकाणांहून पाणी वर चढवावं लागतं, एका ठिकाणाहून ते आपण होऊन खाली येतं. साताऱ्याच्या पाण्याचा सगळा हिशोब या एका गोष्टीत आहे.

चढवण्याची किंमत सांगतो. एक लाख लिटर पाणी १०० मीटर वर उचलायला कागदोपत्री सत्तावीस युनिट वीज लागते. पंप आणि मोटर यांचा अपव्यय धरला की चाळीसच्या आसपास. एक कोटी लिटरला रोज चार हजार युनिट. हे वर्षाचे ३६५ दिवस. शहापूर योजना ही अशी उचलण्याची आहे: उरमोडीचं पाणी किल्ल्याच्या पाठीमागून या बाजूला आणायचं. कासच्या पाण्याला हा खर्च नाही. त्या काळच्या लोकांकडे पंप नव्हते म्हणून त्यांनी उतार शोधला, आणि त्या नाइलाजाचा फायदा आपण आजतागायत घेतोय.

पण फुकट काही नसतं. चारशे मीटर उंचीवरून पाणी एका बंद पाइपातून सरळ खाली सोडलं तर तळाशी दाब होईल चाळीस बार. घरच्या नळाला दोन बार पुरतात. पाइपच्या चिंध्या होतील. म्हणून मध्ये दाब मोडणाऱ्या टाक्या लागतात. पाणी टाकीत पडतं, दाब शून्य होतो, पुन्हा पुढचा उतार सुरू. वाटेत सांबरवाडीला आणि खाली पॉवर हाऊसला शुद्धीकरण. घाटात पावसाळ्यात दरड सुटली की आधी रस्ता आणि मग पाइप, असा क्रम.

आता साठा. जुना तलाव साधारण ०.१ टीएमसीचा (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), म्हणजे २८३ कोटी लिटर. २०११ च्या जनगणनेत शहर १ लाख २० हजारांचं. माणशी रोज १३५ लिटर धरा, तेच सरकारी प्रमाण आहे. रोजचे झाले १ कोटी ६२ लाख लिटर. समजा सगळं गाव कासवर टांगलं असतं, तर भरलेला तलाव १७५ दिवसांत संपला असता. पावसाळा ऑक्टोबरात संपतो. तिथून १७५ दिवस मोजा, एप्रिल संपता संपता तळ दिसतो. यात बाष्पीभवन धरलेलं नाही, गळती धरलेली नाही. मे महिन्यात कासमध्ये गाळापर्यंत गेलेल्या पाण्यात तरंगते पंप टाकायची वेळ का यायची, ते यावरून कळेल. तेव्हा शहापूर, कृष्णा या योजना कुणाची हौस म्हणून आल्या नाहीत.

अलीकडे कासच्या धरणाची उंची वाढवली. साठा पाचपट, अर्ध्या टीएमसीपर्यंत. म्हणजे सुमारे १,४१६ कोटी लिटर. त्यात बामणोलीचा जुना रस्ता पाण्याखाली गेला, नवा करावा लागला. वरच्याच हिशोबाने आता दोन वर्षांहून जास्त पुरायला हवं. तसं पुरत नाही, कारण आपल्याकडे उघड्या तलावातून वर्षाला दीड-दोन मीटर पाणी नुसतं उडून जातं, तळाचं पाणी निघत नाही, आणि साठा वाढला तरी तो आणणारी पाइप आणि शुद्धीकरण त्या मानाचं लागतं. बादली मोठी केली, तोटी तेवढीच राहिली तर तांब्या तेवढ्याच वेळात भरणार.

आणि एक गंमत. उरमोडीचा उगम कुठे? कासच्या परिसरात. भांबवलीचा वजराई धबधबा ज्या पाण्याचा, तीच ही नदी. म्हणजे कासचं पाणी आणि शहापूरचं पाणी ही दोन पाणी नाहीतच. एकाच नदीचं पाणी आपण उगमाशी अडवून उताराने आणतो, आणि उरलेलं खाली दरीत गेल्यावर वीज जाळून पुन्हा वर चढवतो.

---

माचीचा_म्हातारा | रविवार, रात्री ९.५०

@उतारावरचा, सत्तर वर्षं हे पाणी पितोय, हे डोक्यात आलं नव्हतं. परळीला आमची बहीण दिलेली. ती म्हणायची, आमच्या नदीचं पाणी गोड. मी म्हणायचो, आमच्या कासचं गोड. आज ती असती तर फोन केला असता.

---

शंकासूर | सोमवार, सकाळी ८.०५

माणशी १३५ लिटर हे प्रमाण भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी आहे. आणि २०२० मध्ये हद्दवाढ झाली, शाहूपुरी, विलासपूर वगैरे भाग शहरात आला. तुमचा १ लाख २० हजारांचा आकडा त्याच्या आधीचा. हिशोब आकर्षक आहे, पण जुना आहे.

---

उतारावरचा | सोमवार, सकाळी ८.४०

दोन्ही मान्य. मुद्दाम जुना आकडा घेतला, कारण जुन्या तलावाची जुन्या गावाशी गाठ घालून दाखवायची होती. हद्दवाढीनंतर माणसं वाढली, पण वाढलेले बहुतेक भाग कासवर नाहीतच. नुसती शहराची लोकसंख्या भागिले तलाव असा हिशोब आता करताच येणार नाही.

---

वेण्णाकाठ | सोमवार, सकाळी १०.२०

शाहूपुरीतून हजेरी. आमचं कण्हेरचं. ही योजना यायच्या आधी आमच्या भागात माझ्या सासूबाई पहाटे चारला उठून नळाला कान लावून बसायच्या. खरंच कान लावून. पाणी यायच्या आधी पाइपमधून हवा सुटते, फुस्स असा आवाज येतो. तो ऐकला की "आलं गं" अशी हाक, आणि सगळ्या घराची धावपळ. आता तसं राहिलं नाही, पण सासूबाईंना चारला जाग येतेच.

वेण्णा महाबळेश्वरची आणि कृष्णाही तिथलीच. म्हणजे तांब्याभर, तू आणि मी दोघी महाबळेश्वरचा पाऊस पितो. तुझा धोममधून वाईमार्गे आणि माझा मेढ्यावरून कण्हेरमार्गे. चिमणपुरेकरांनी कासची मिजास मारू नये. 🙂

---

हरिपूरकर | सोमवार, दुपारी १.१५

सातारकरांनो, तुमचं चाललंय ते कौतुक ऐकतोय. कुठला उगम, कुठला उतार, चहाला चव कशी. आता जरा खालच्या अंगाला या.

मी सांगलीचा. आमच्याकडे "पाणी कुठून येतं" हा प्रश्नच नाही. कृष्णा. तिन्ही त्रिकाळ कृष्णा. पण त्या कृष्णेत काय काय आहे ते ऐका. माहुलीला तुमची वेण्णा मिळाली, पुढे तुमची उरमोडी मिळाली, कराडला कोयना आली, आणि या प्रत्येक वळणावर गावांचं सांडपाणीही आलं. तुम्ही दात घासून सोडलेलं पाणी आमच्या जॅकवेलपर्यंत, म्हणजे नदीतून पाणी उचलायच्या विहिरीपर्यंत, येतं. आमच्या पुढे हरिपूरला वारणा भेटते, आणि आम्ही सोडलेलं मग खालच्यांच्या वाट्याला. आम्हीही काही धुतल्या तांदळाचे नाही. शेरीनाल्याचं नाव तुम्ही ऐकलं असेल. शहराच्या पोटातून येणारं सांडपाणी नदीत. ते उचलून धुळगावला शेतीसाठी न्यायची योजना झाली, तरी नाल्याची बातमी दरवर्षी पेपरात असतेच.

उन्हाळ्यात तर आमची नदी कोयनेतून किती सोडतात त्यावर चालते. कोयना भरलेली १०५ टीएमसीची, पण त्यातलं बरंचसं पश्चिमेला वीज करायला जातं. पूर्वेला येतं त्यावर ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना आणि वाटेतली सगळी गावं टपलेली. विसर्ग थांबला की आयर्विन पुलाखाली वाळू आणि दगड दिसतात. आणि पावसाळ्यात त्याच पुलावर आम्ही फूट मोजत बसतो. ४५ फूट धोक्याची पातळी. २०१९ ला ५७ च्या वर गेलं. सगळं गाव पाण्यात आणि प्यायला टँकर. पाण्यात उभं राहून पाण्याची वाट बघणं काय असतं, ते सांगलीकराला विचारा.

तेव्हा कासचं पाणी पिताना एक घोट आमच्या नावानं घ्या. तुमच्या वर फक्त पठार आणि ढग आहेत. आमच्या वर तुम्ही आहात.

---

आडमाप | सोमवार, दुपारी १.२०

हरिपूरकर, दात घासताना यापुढे तुमची आठवण काढू.

---

पाना_पक्कड | सोमवार, रात्री ८.००

ताई, तुमचं राहिलं. आता असं करा. पाणी सुटायच्या टायमाला खाली जावा. मीटरच्या फुडं, हौदात पाणी पडायच्या आधी, एक तोटी असती. तिथनं बाटली भरा. मग तुमच्या किचनमधनं एक भरा. आणि मावशीकडची एक. तिन्ही बाटल्यांत साबणाचं थोडं थोडं पाणी टाका, झाकण लावून हलवा. जिथं फेस येत न्हाई ते जड, म्हंजी क्षाराचं पाणी. पैसं खर्चायची गरज न्हाई.

दुसरं, वीज गेल्यावर बघा. कासवाल्यांला पाणी येतं, उपशाच्या पाण्यावरच्यांला येत न्हाई.

---

उतारावरचा | सोमवार, रात्री ८.३५

साबणाची परीक्षा अचूक. विजेच्या परीक्षेत एक गोम आहे: गावाची उंच टाकी आधीच भरलेली असेल तर वीज जाऊनही त्या वेळचं पाणी येतं. फरक दुसऱ्या दिवशी कळतो, टाकी भरलीच नाही तर.

आणखी एक. रविवारी कुणी दारावर येऊन मशीन विकण्यासाठी पाण्यात पेन बुडवून "बघा टीडीएस" म्हणाला तर घाबरू नका. विरघळलेले क्षार किती, एवढंच ते पेन सांगतं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत स्वीकारार्ह म्हटलं आहे, आणि दुसरी सोयच नसेल तर २,००० पर्यंत चालतं. जंतू आहेत की नाहीत, ते पेनला कळत नाही. त्यासाठी नळाला क्लोरिन शिल्लक आहे का ते बघायचं, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम. पिवळा रंग येणारे थेंब मिळतात. पाण्याला किंचित औषधाचा वास येतो अशी तक्रार लोक करतात. अहो, तो वास येतोय तोवर निश्चिंत राहा, नाहीसा झाला की विचारायला जा.

---

तांब्याभर | पुढचा रविवार, संध्याकाळी ६.३०

एवढं वाचल्यावर घरी बसवेना. दोन कामं केली. लिहिते.

पहिलं काम काल. मावशीला घेऊन कासला गेलो. ती बासष्ट वर्षांची, आयुष्यभर ते पाणी प्यायलेली, आणि तलाव पाहिला होता तो शाळेच्या सहलीत एकदा. समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट चढायला लागलो तशी ती खिडकीतून पाइप शोधायला लागली. कुठे दिसायचा, कुठे मातीत जायचा. "हा बघ, आला परत," असं दर वळणावर. वर पठारावर वारा इतका की पदर धरवेना. तलावावर पोचलो आणि ती एकदम गप्प झाली. मग काठावर बसली, ओंजळ भरली, डोळ्यांना लावली. पिऊ नकोस म्हटलं तर म्हणाली, "रोज हेच पिते की." (प्यायली नाही. मी तिला शुद्धीकरणावर भाषण दिलं.) तलाव भरला की ओटी भरतात ना, साडीचोळी सोडून, ते तिला पेपरातून माहीत होतं. जाताना पर्समधून खण-नारळ काढला तेव्हा कळलं की बाई तयारीनं आली होती. खण पाण्यात सोडू दिला नाही मी. तिथल्या देवळात ठेवला. त्यावरून परतीच्या वाटेवर बोलणी खाल्ली.

वाटेत प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं मात्र दिसली. आपण जे पाणी पितो त्याच्याच काठावर बसून लोक बाटलीबंद पाणी पितात आणि बाटली तिथे टाकतात.

दुसरं काम आज सकाळी. पाना_पक्कडदादांनी सांगितल्याप्रमाणे तीन बाटल्या. मावशीची: भरपूर फेस. आमच्या मीटरजवळची, म्हणजे कृष्णेची: थोडा कमी, पण चांगला फेस. माझ्या किचनमधली: ढिम्म. वर नुसती पांढरी साय.

मग गच्चीवर गेले. टाकीत दोन पाइप येतात. एक खालच्या हौदातून, दुसरा भिंतीच्या मागून. दुसऱ्यावर हात ठेवला, थरथरत होता. वॉचमनला विचारलं. तो बिचारा म्हणाला, "ताई, नळाचं पाणी वरच्या मजल्यांना पुरत नाही, म्हणून रोज तासभर बोर चालवतो. मला तसंच सांगितलंय."

म्हणजे दीड वर्ष मी जे कृष्णेच्या नावाने प्यायले त्यात निम्मी बोअर होती. नवऱ्याने माझ्या मनाला दोष दिला होता, मी कृष्णेला, मावशीने माझ्या हाताला.

---

पाना_पक्कड | रविवार, संध्याकाळी ६.४२

तरी म्हटलं.

---

वेण्णाकाठ | रविवार, संध्याकाळी ७.००

अगं, पण नळाचं पाणी पुरत नाही असं कसं? कुणीतरी थेट लाइनला मोटार लावून ओढत असेल तर शेवटच्या घरांना दाब राहत नाही. आमच्या गल्लीत तेच निघालं होतं. पाणी यायच्या वेळी गल्लीतून चालत जा आणि मोटारीचा आवाज कुठून येतो ते ऐक. सासूबाईंची पद्धत, कान लावायचा.

---

उतारावरचा | रविवार, रात्री ८.१०

तांब्याभर, अजून एक बघा. तुमच्या खालच्या हौदाचा फ्लोट, म्हणजे हौद भरला की पाणी बंद करणारा तरंगता गोळा, नीट बसतो का? पाणी ठरावीक वेळच येतं. त्या वेळात हौद पूर्ण भरायला हवा. फ्लोट अर्ध्यावर अडकला असेल तर मीटर थांबतो, हौद निम्मा राहतो, आणि लोक म्हणतात पाणी कमी सोडलं. मी नोकरीत असताना अशा तक्रारीवर गेलो की आधी हौदाचं झाकण उघडायचो. दहापैकी चार वेळा तिथेच उत्तर सापडायचं. बोअरचं पाणी वाईट नसतं, संडासाला आणि बागेला उत्तम. फक्त स्वयंपाकघराच्या टाकीत ते मिसळू नका.

---

माचीचा_म्हातारा | रविवार, रात्री ८.३०

खण देवळात ठेवलास ते बरं केलंस. मावशीला सांग, पाण्याला पोचला.

---

तांब्याभर | बुधवार, रात्री १०.०५

फ्लोट खरंच अडकला होता. दोरीत एक जुनी चिंधी गुंतलेली. काढल्यावर आज हौद काठोकाठ भरला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दीड तास भांडण झालं, पण बोअरसाठी गच्चीवर वेगळी टाकी आणि संडासांना वेगळी लाइन टाकायचं ठरलं. पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले, खर्च वरच्या मजल्यांनी करावा. त्यांच्या डाळीला किती शिट्ट्या लागतात ते त्यांच्या बायकोला विचारलं. बायकोने सांगितल्यावर काका गप्प बसले.

@पाना_पक्कड, काम तुम्ही कराल का? चार मजले, आठ फ्लॅट.

---

पाना_पक्कड | बुधवार, रात्री १०.२०

शनिवारी येतो ताई, सकाळी सातला. पाणी सुटायच्या आधी गच्चीवरच्या टाकीचा मेन कॉक बंद करून ठेवायला सांगा, आणि टाकी रिकामी करून घासून घ्या, तळाला क्षाराचा थर असणार. आठही घरांत आदल्या रात्री बादल्या भरून ठेवायला सांगा. चहा मावशीकडचा पाजा म्हंजी झालं.